सात नंबरचा खोका

१० एप्रिल १९९६, बुधवार

सात नंबरचा खोका नाही!

हेलिकॉप्टर गेल्यावर तीनदा मोजले. एक ते सहा आहेत, आठ ते चौदा आहेत. सात नाही. पीठ आलं, तेल आलं, बॅटऱ्या आल्या, लोकरीचे मोजे आले — आणि पुस्तकं नाहीत. तीन महिने होबार्टच्या दक्षिणेला भर समुद्रातल्या या हॅरियट बेटावर मी एकटी, आणि वाचायला गवत कापायच्या यंत्राचं माहितीपत्रक.

झालं ते असं. हेलिकॉप्टर इथून रिकामं परत जात नाही, हा कायदाच आहे. येणाऱ्याचे खोके समुद्राच्या बाजूला, जाणाऱ्याचे शेडच्या बाजूला. ऑफिसात तीनदा बजावलं होतं. माझ्या आधीचे रखवालदार थॉर्प नवरा-बायको निघायच्या घाईत, वारा पस्तीस नॉट, पायलट आरडाओरडा करतोय, आणि थॉर्पसाहेब हाताला लागेल ते उचलून आत फेकतायत. मी ओरडले. 'सात नको, सात माझा!' असं दोनदा ओरडले. निदान ओरडले असं वाटतंय. की मीच तो शेडच्या बाजूला ठेवला होता? बहुतेक मीच.

त्याच्या बदल्यात त्यांचा एक खोका इथे राहिला. उघडला. जॅमच्या रिकाम्या बरण्या! स्वच्छ धुतलेल्या. त्रेचाळीस.

११ एप्रिल

बॅरोमीटर पडतोय. सकाळी सहा आणि दुपारी तीनच्या नोंदी पाठवल्या. दीपगृहाच्या दिव्याकडे बघायला नको, तो गेली कित्येक वर्षं आपला आपण लागतो. इथे माणूस लागतं ते हवामानासाठी आणि गवतासाठी. उन्हाळ्यात जोडपी येतात, इकडच्या जून-जुलैतल्या हिवाळ्यात कुणी फिरकत नाही, म्हणून सहासष्ट वर्षांच्या निवृत्त ग्रंथपालबाईला घेतलं.

आणि कसली ग्रंथपाल! इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय? पुस्तकांना चार किलो वजन मंजूर झालं होतं. दहा पुस्तकं निवडायला मला महिना लागला. पुन्हा पुन्हा वाचावीत अशी, एकटीने तीन महिने ज्यांच्याबरोबर काढता येतील अशी दहाच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवायचं, एक घेतलं की दुसरं काढायचं. तरी सहाशे ग्रॅम जास्त. शेवटी सुरी घेतली आणि नऊ पुस्तकांचे पुठ्ठे कापून काढले. मी! ज्या बाईने पान दुमडणाऱ्या पोरांना चाळीस वर्षं वाचनालयाबाहेर उभं केलं, तिने! दहाव्याला हात लावला नाही. ते तसंही हलकंच होतं.

१३ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी पाचच्या रेडिओवर डल्सीने सांगितलं — होबार्टच्या खालच्या डोव्हर बंदरातून बोटवाल्यांची आणि माझी खबर ठेवणारी बाई — खोका होबार्टच्या गोदामात सुखरूप आहे.

"पण हेलिकॉप्टर आता जुलैत गं. पुस्तकांसाठी कोण उडवणार?"

मध्येच केल्व. शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारा कोळी, बोट बेटाच्या दक्षिणेला नांगरलेली, सगळ्यांचं बोलणं ऐकत बसायची त्याला खोडच आहे. "ओ पुस्तकवाल्या बाई, होतं तरी काय त्यात?"

मी यादी सांगितली. पोस्टमास्तरीणबाईंची कादंबरी. त्या तीन मेंढपाळ बहिणींची. चर्चच्या बायकांनी काढलेलं स्वयंपाकाचं पुस्तक —

"स्वयंपाकाचं? बेटावर? टिनचे पीच उघडायला पुस्तक लागतं होय?"

सगळी बोटवाली मंडळी हसली. हसा लेको! एकटीने वाचायला स्वयंपाकाच्या पुस्तकासारखं दुसरं काही नाही. त्यात प्रत्येक बाई आपला केक शेजारणीपेक्षा कसा बरा ते न बोलता सांगते.

१५ एप्रिल

खरं लिहून टाकते.

मी इथे वाचायला आले नाही. स्वतःची परीक्षा घ्यायला आले. फेब्रुवारीत डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी विचारले. मला तीन आठवले. "घाबरू नका, ऑगस्टमध्ये पुन्हा पाहू," म्हणाले. घरी कुणाला बोलले नाही. लिनलाही नाही. सख्खा भाऊ असला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही.

आई अशीच गेली. आधी शब्द गेले. मग ती रिकाम्या जागा भरायला लागली. "आत्ताच मिसेस कॉर्डल येऊन गेल्या, लिंबाचा जॅम देऊन गेल्या." कोण मिसेस कॉर्डल? त्या नावाची बाई आमच्या गल्लीत कधी नव्हतीच. पण आई इतक्या तपशिलात सांगायची की आपण दाराकडे बघायचो. शेवटी मीही तिला कुणी दुसरीच वाटायला लागले.

म्हणून ही दहा पुस्तकं. प्रत्येक उघडण्याआधी काय आठवतं ते लिहायचं, मग वाचून पडताळायचं. आणि पहिल्याच दिवशी परीक्षेचा पेपरच हरवून बसले!

एक मात्र कबूल करायला हवं. इथे जीवाला फार बरं वाटतंय. एखादं नाव ओठावर अडलं तर कुणी टक लावून बघत नाही. "अगं, हे मघाशीच सांगितलंस," म्हणायला कुणी नाही. चष्मा चार वेळा हरवला आणि चारही वेळा मी एकटीच हसले.

१७ एप्रिल

पुस्तकं नसली म्हणून काय झालं? पेपर आधी लिहायचा, तपासणी नंतर. हवामानाच्या जुन्या तक्त्यांची मागची बाजू कोरी आहे. आजपासून एकेक पुस्तक आठवणीतून लिहून काढणार. डावा हात शाईने बरबटलाय. मी डावखुरी, ते जन्माचंच आहे.

२५ एप्रिल, अँझॅक डे

युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस, म्हणून झेंडा चढवला. प्रथेप्रमाणे ओटची बिस्किटं केली. करपली. खाल्ली.

२८ एप्रिल

चार पुस्तकं झाली. पोस्टमास्तरीणबाई एकोणीस पानं! तिने उघडलेलं प्रत्येक पत्र आठवलं, कोणतं कोणत्या किटलीच्या वाफेवर उघडलं तेसुद्धा. स्वयंपाकाचं पुस्तक जवळजवळ पाठ. आणि ती मोठी नावाजलेली डोंगराळ गावातल्या डॉक्टरवरची कादंबरी, जिची मी आयुष्यभर लोकांना शिफारस केली — अर्धं पान! डॉक्टर येतो, पाऊस पडतो, डॉक्टर विचार करतो, डॉक्टर जातो. पहिल्यांदा वाटलं, गेली आठवण. मग वाटलं, त्यात एवढंच होतं की काय? सहा वेळा वाचलंय मी ते! की लोक वाचतात म्हणून वाचलं?

खोका आला की कळेल. तोवर जीव टांगणीला.

६ मे, सोमवार

आज दहावं. बाबांचं पुस्तक.

'मॅरिगोल्ड' जहाजाची गोष्ट. हिरवी, पातळशी, आत चार चित्रं. मी पाच-सहा वर्षांची, लिन माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाबा बोटीवरून आले, चहा झाला, की फडताळावरून पुस्तक काढायचे आणि चुलीपाशी बसून वाचायचे. पान उलटताना अंगठ्याला थुंकी लावायचे. पुस्तकाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "बोटीचं सुकाणू एकाच्या हातात असतं," म्हणायचे. आई भांडी घासता घासता आमच्याकडे पाठ करून हसायची. हसण्यासारखं काही नसलं तरी हसायची.

मी सात वर्षांची असताना ते पुस्तक बाबांच्या हातून समुद्रात पडलं. मी दोन दिवस जेवले नाही. पुढे चाळीस वर्षं वाचनालयात काढली, पण ते कुठे दिसलं नाही. आणि या जानेवारीत चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात, कपबश्यांच्या खाली — तेच! तोच हिरवा रंग, तीच चार चित्रं. चित्रं तेवढी बघितली आणि मिटलं. बाकीचं बेटावर वाचायचं ठरवलं.

लिहायला बसले तर हात थांबेना. म्हातारा कप्तान आणि खांद्यावर बसणारी त्याची कोंबडी. आणि पिंपात लपून जहाजावर आलेली मुलगी. पुढचा दात पडलेला, डावखुरी, त्यावरून शाळेत मार खाल्लेली. धुक्यात सगळे खलाशी हबकतात आणि ती एकटी शेवाळाच्या वासावरून खडकांमधली वाट ओळखते! चोवीस पानं झाली. सगळ्यांत जास्त.

९ मे

केल्वने विचारलं, "आज काय लिहिलंत?" बोलता बोलता मॅरिगोल्ड सांगायला लागले. अर्ध्या तासाने डल्सी म्हणाली, "अगं बये, चॅनल मोकळा कर, लोकांना हवामान हवंय." तर तीन बोटींवरून एकदम आवाज — "हवामान दिसतंय आम्हाला! ती पिंपातून निघाली का ते सांगा!"

१२ मे, रविवार

चौथा दिवस गोष्टीचा. हे दाढीवाले बाप्ये लहान मुलांसारखे पाचला रेडिओला चिकटून बसतात. केल्वला कोंबडीची काळजी. "कोंबडीला काही होऊ देऊ नका हं बाई. मी सांगून ठेवतो."

आज मुलगी सुकाणूशी येऊन उभी राहिली, पुढ्यात दोन खडक, धुकं — आणि मी थांबले. शेवट चुकायला नको. म्हटलं, "पुढचं पुस्तक आल्यावर. जसंच्या तसं वाचून दाखवीन."

केल्व चिडला. "हा काय चावटपणा? पुस्तक जुलैत येणार!"

"मग आणा तुम्ही."

२० मे

वारा पन्नास. शेडचं दार गेलं. मी आहे.

२८ मे, मंगळवार

खोका आला! केल्वने आणला! लिनने होबार्टला जाऊन गोदामातून सोडवला, डोव्हरच्या धक्क्यावर त्याच्या हातात दिला, आणि आज समुद्र जरा निवला तशी स्वारी खालच्या खडकापाशी हजर. वरून एक शेवंड, ओल्या पोत्यात, जिवंत.

"शेवट," बोटीतूनच ओरडला. "उद्या पाचला!"

"आधी मला वाचू तर द्या!"

खोक्यात वर एक चिठ्ठी, थॉर्पबाईंची. 'आमच्या ह्यांना माफ करा. तुम्ही दोनदा ओरडलात, सात नको म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलं, ह्यांना यंत्राच्या आवाजात काही कळलं नाही. आमच्या बरण्या सांभाळाल का?'

ओरडले होते! दोनदा! मला आठवत होतं ते बरोबर होतं. तिथेच गवतावर बसले आणि चिठ्ठी छातीशी धरून हसले, रडले, कुणी बघणारं नव्हतं म्हणून दोन्ही मनसोक्त केलं. शेवंड पोत्यात वळवळत होता, त्याला म्हटलं, थांब रे जरा.

३ जून, सोमवार

नऊच्या नऊ पुस्तकं पडताळली. सहा दिवस गवताला हात लावला नाही.

पोस्टमास्तरीणबाई — दोन पत्रांचा क्रम चुकला, बाकी बिनचूक. स्वयंपाक — जायफळ विसरले. तीन बहिणी — मधल्या बहिणीचं लग्न मी एक वर्ष आधी लावलं, तिला काही फरक पडला नसता. आणि डोंगराळ गावातला डॉक्टर! त्यात खरंच एवढंच आहे. चारशे पानं आणि अर्धं पान ऐवज. आठवणीने सोडलं ते सोडण्यासारखंच होतं. त्याचा पुठ्ठा कापला त्याचं आता दुःख नाही.

किती हलकं वाटतंय! कितीतरी महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. काल चूल पेटवताना चक्क गात होते. केल्व रोज विचारतो, मी म्हणते, उद्या. मॅरिगोल्ड मुद्दाम शेवटी ठेवलंय.

५ जून

मुलगी नाही.

सकाळी नोंद पाठवली, चहा घेतला, पुस्तक उघडलं. दुपारी तीनची नोंद चुकली, पहिल्यांदाच. पुस्तकात मुलगी नाही. पिंप नाही. शेवाळाचा वास नाही, धुकं नाही, दोन खडक नाहीत. कोंबडी आहे, पण ती फक्त चित्रात. मजकुरात तिचं नावही नाही! कप्तान म्हातारा नाही, तरुण आहे, कुणा श्रीमंत माणसाचा पुतण्या, आणि शेवटी त्याला इस्टेट मिळते आणि लग्न होतं. हीच आवृत्ती, हीच चित्रं. चित्रांच्या जागी माझी गोष्ट जुळते, बाकी कुठेही नाही.

दोनदा वाचलं. पानं गळलीत का ते पाहिलं. नंबर सलग आहेत.

चोवीस पानं मी लिहिली. शपथेवर लिहिली असती. तिचा पडलेला दात मला दिसत होता. आईलाही मिसेस कॉर्डल दिसत होत्या.

६ जून

पाचला रेडिओ लावला नाही.

८ जून, शनिवार

डल्सी सकाळच्या नोंदीला ओरडली. "दोन दिवस संध्याकाळी गप्प! उद्या हेलिकॉप्टर पाठवतील ना तुझं प्रेत न्यायला! काय झालंय?"

म्हणून आज पाचला बोलले. सगळ्यांना सांगून टाकलं. ती मुलगी पुस्तकात नाही. मी जे चार दिवस सांगितलं ते त्यात कुठेच नाही. का सांगितलं माहीत नाही. माझी आई अशीच — आणि बटण सोडून दिलं. एवढं सगळं उघड्या चॅनलवर.

मग केल्व. "मग पुस्तकवाल्याचंच काहीतरी चुकलं असणार, बाई." अगदी हळू बोलला. मला त्याचा राग आला आणि फार बरंही वाटलं.

१० जून

ऑगस्टपर्यंत कशाला थांबायचं? पुढच्या आठवड्यात ऑफिसला सांगते, मला न्या म्हणून. खोके भरायला घेतले. पुस्तकं इथेच ठेवीन, येणाऱ्याला होतील.

११ जून, मंगळवार

पाचला डल्सीच्या जागी लिन! सत्तरीचा माणूस, धापा टाकत.

"ग्लेनी, धक्क्यावर केल्व सांगत होता त्या मॅरिगोल्डचं. अगं, बाबांना वाचता कुठे येत होतं? सहीपुरतं यायचं. चित्रं बघून रोज रचायचे. तू शाळेत धडा वाचून दाखवायला लागलीस ना, त्याच आठवड्यात पुस्तक त्यांनी आपल्या हाताने पाण्यात टाकलं. मी होतो बोटीत. म्हणाले, ग्लेनीला कधी सांगायचं नाही. साठ वर्षं नाही सांगितलं गं."

माझा पडलेला दात. डावा हात. शाळेतला मार.

मग केल्व, घसा खाकरत. "बाई... मग ती निघाली का त्या खडकांमधून?"

"निघाली," मी म्हटलं, आणि डाव्या हाताने माईक जवळ ओढून पुढचं सांगायला लागले.